दुसऱ्या पर्वाआधी व्हिलनची दुरुस्ती : घंटापूर कॅम्पेनच्या प्रकल्प नोंदी

४ जून

मी चालवत असलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळातल्या घंटापूरचं पहिलं पर्व संपलं, पार्टी (प्लेअरच्या पात्रांचा गट) लेव्हल ९ ला आलीय, आणि दोन प्लेअरच्या परीक्षा असल्यामुळे पुढचं सेशन थेट २८ तारखेला. तेवढ्या वेळात एकच काम हातात घेतलंय, सगळे व्हिलन परत लिहून काढायचे. स्टॅट ब्लॉक (ताकदीचे आकडे) नाही, ते ठीक आहेत. प्रत्येकाला नेमकं हवंय काय, ते लिहायचंय. आत्तापर्यंत पार्टी त्यांच्याशी लांबून लढत होती, त्यामुळे 'दुष्ट आहे, थांबवा' एवढ्यावर खेळ मस्त चालला, पण लेव्हल ९ ची पार्टी नुसती लढत नाही, ती प्रश्न विचारते. गेल्या सेशनच्या शेवटी मुख्य व्हिलन कृतांतचा कारभारी लोहाक्ष मेला आणि क्लेरिकने (पार्टीतली, देवाच्या नावाने जादू करणारी) लगेच त्याचं प्रेत कापडात गुंडाळून ताब्यात घेतलं, म्हणजे २८ ला स्पीक विथ डेड (मेलेल्याला प्रश्न विचारायची जादू) पडणार हे नक्की. पाच प्रश्न. त्यातला एक तरी 'तुझ्या मालकाला हवंय काय' हा असणारच आणि तेव्हा माझ्याकडे ठाम उत्तर पाहिजे.

कामाचा नियम ठरवलाय: टेबलवर जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं ते पक्कं, वहीत जे आहे ते सगळं कच्चं. म्हणजे घटना बदलायच्या नाहीत, फक्त त्यामागचं कारण बदलायचं. पक्क्या गोष्टी आज एका पानावर उतरवल्या. कृतांतने शहराच्या तीन मोठ्या घंटांचे लोलक चोरले आणि त्यानंतर स्मशानातले मेलेले उठायला लागले. दर अमावस्येला कुठल्या तरी गावातून एक माणूस गायब होतो. कृतांत आणि आमची क्लेरिक एकदा समोरासमोर आले होते आणि तो तिला न मारता निघून गेला. सरनौबत रायबाणने दोन गावं जाळली, तिसरं सोडलं. हुडकच्या गॉब्लिन (बुटक्या राक्षसांसारखी जमात) टोळीने तांडे लुटले, पण दोर आणि लाकडंच नेली, आणि त्यात एक गाडीवान मारला गेला. आता या पानाला धक्का न लावता खालचा पाया बदलायचा. मला या कामातली ही अडचण फार आवडते, कारण मोकळं रान मिळालं की मी काहीही लिहू शकते, पण घडलेल्या सहा गोष्टींना एकाच वेळी पुरून उरेल असं कारण शोधायला डोकं लागतं.

६ जून

आज लिखाण कमी, विचार जास्त. जुन्या वहीत प्रत्येक व्हिलनचा दोन-तीन पानी भूतकाळ आहे, लहानपणी आई गेली, गुरूने हाकललं, भावाने गादी घेतली वगैरे, वाचायला छान आहे पण टेबलवर त्याचा उपयोग जवळपास शून्य. कारण भूतकाळ म्हणजे हेतू नव्हे. आई गेली म्हणून तो आज रात्री काय करणार? सांगता येत नाही. हेतू मला असा लिहायचाय की त्यावरून त्याची पुढची चाल मला न विचारता कुणालाही काढता आली पाहिजे. म्हणून प्रत्येकासाठी एक छोटं कार्ड, त्याला कोणाकडून काय हवंय, कधीपर्यंत, मिळालं तर तो थांबेल का आणि नाही मिळालं तर दुसऱ्याच दिवशी काय करेल. यातलं 'कोणाकडून' सगळ्यात महत्त्वाचं. 'सत्ता हवी' हे कुणाकडून घेणार? 'महंतांकडून मठाची रोजनिशी हवी' म्हटलं की लगेच एक माणूस, एक वस्तू, एक दार, एक कुलूप डोळ्यांपुढे येतं आणि प्लेअरना त्यात हात घालायला जागा मिळते.

हे बघताना जुन्या नियमांकडे परत गेले. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला तेव्हा अलाइनमेंट (पात्राचा नैतिक कल) तीनच होती, लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस, आणि ती बऱ्यापैकी 'कोण कुणाच्या बाजूने' हे सांगायची. पुढे १९७८ च्या अॅडव्हान्स्ड प्लेअर्स हँडबुकमध्ये नऊ खाने आले आणि व्हिलनच्या कागदावर 'केऑटिक ईव्हिल' (बेबंद आणि दुष्ट) लिहिलं की काम झालं असं बऱ्याच टेबलांवर व्हायला लागलं. माझ्या मते तो खाना वाईट नाही, पण त्यावरून माणूस कसा वागतो याचा रंग कळतो, दिशा कळत नाही. उलट १९८३ च्या रेव्हनलॉफ्ट मोड्यूलमध्ये (तयार छापील साहसकथेत) व्हॅम्पायर सरदाराला या खेपेला नेमकं काय हवंय ते पत्ते काढून ठरायचं, म्हणजे वाडा तोच, राक्षस तोच, पण ध्येय बदललं की सगळी साहसकथा वेगळ्या वाटेने जाते. चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी हे किती पक्कं आहे! ध्येय बदललं की हालचाल बदलते, आणि प्लेअरना दिसते ती हालचालच.

७ जून, रात्री

कृतांत. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ जाणार हे माहीत होतं.

तो लिच आहे, म्हणजे जादूने मरण टाळून बसलेला मेलेला जादूगार. आम्ही २०१४ चे नियम वापरतो, त्यात लिच म्हणजे चॅलेंज (धोक्याचा आकडा) २१, एचपी (किती मार सोसेल तो आकडा) १३५, दिवसाला तीन लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला बचाव यशस्वी ठरवायची सोय), लेव्हल ९ च्या पार्टीने सरळ भिडायचा हा प्राणी नाही. जुन्या वहीत त्याचा हेतू आहे 'अमर होऊन मृतांची फौज उभी करणे'. पण तो तर आधीच अमर आहे! मग नियम परत नीट वाचले आणि तिथे दोन गोष्टी अशा सापडल्या की त्यांच्यावरच अख्खा व्हिलन उभा राहतो. एक, लिचला आपल्या फिलॅक्टरीला (ज्या वस्तूत त्याचा जीव ठेवलेला असतो तिला) अधूनमधून जिवंत माणसाचा आत्मा खायला द्यावा लागतो, नाही दिला तर तो झिजत जातो. किती दिवसांनी ते नियमात दिलेलं नाही, ते डीएमवर (खेळ चालवणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर) सोडलंय. म्हणजे त्याचं अमरपण फुकटचं नाही, त्याला हप्ता आहे, आणि आमच्याकडे अमावस्येला माणूस गायब होतोच, तर हप्ता अमावस्येचा. दोन, लिचला मारलं आणि फिलॅक्टरी शाबूत असेल तर १ ते १० दिवसांत त्याला नवीन शरीर मिळतं. राक्षसाचा जीव पोपटात, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे पार्टी पोपट शोधायला निघणार हे धरूनच चालायचं.

आता प्रश्न असा की जो माणूस इतके हप्ते भरत शेकडो वर्षं टिकून राहिलाय तो कशासाठी टिकलाय? नुसतं टिकायचं म्हणून टिकणारा व्हिलन मला कंटाळवाणा वाटतो. उत्तर असं निघालं: शहराखाली एक शिळा आहे, शिळेखाली काहीतरी बंद केलंय, आणि ती बंद करणाऱ्यांपैकी तो शेवटचा उरलेला. राखण एका आयुष्यात संपणारी नव्हती म्हणून तो लिच झाला. आणि घंटा? घंटांच्या नादाने स्मशानातले मेलेले झोपून राहतात हे शहराला माहीत आहे, पण तोच नाद खाली शिळेला तडे पाडतोय हे फक्त त्याला माहीत आहे. म्हणून त्याने लोलक काढले. मेलेले उठले ते त्याला नको होतं, पण त्याच्या हिशेबात ती चालण्यासारखी किंमत आहे. घडलेल्या घटनेतलं एक अक्षर बदललं नाही आणि अर्थ पूर्ण उलटा झाला.

क्लेरिकला का सोडलं तेही यातच बसलं. घंटांचा सूर नेमका कधी बदलला, तडे कधी सुरू झाले, हे मठाच्या जुन्या रोजनिशीत असणार, आणि मठाच्या ग्रंथागारात जाऊ शकणारी, मठाबाहेर फिरणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे आमची क्लेरिक. त्याला तिच्याकडून रोजनिशी हवीय, पुढच्या अमावस्येच्या आत.

१० जून

तीन दिवस कृतांत मनात घोळवला आणि एक गोष्ट खटकली. या रूपात तो बरोबर आहे, जरा जास्तच बरोबर. पार्टीला शिळेचं कळलं की ते म्हणणार, अरे मग हाच खरा हिरो, आपण उगाच याच्या मागे लागलो. हा प्रकार मला टेबलवर नकोय. प्लेअरने वर्षभर ज्याच्याविरुद्ध जीव पणाला लावला त्याला शेवटी निर्दोष ठरवलं की त्यांच्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं. धोका खरा आहे याबद्दल तो बरोबर असावा, पण उपाय एकच आहे हे त्याचं म्हणणं खोटं असावं.

म्हणून दुसरा उपाय लिहिला. शिळेची राखण माणसं आळीपाळीने करू शकतात, पिढीमागून पिढी, तसा विधीही आहे, आणि तो कृतांतला सुरुवातीपासून माहीत आहे. त्याच्या एका शिष्येने तो मांडला होता. त्याने तिलाच पहिला हप्ता केलं. कारण आपल्याशिवाय कुणी हे काम नीट करेल यावर त्याचा विश्वासच नाही, आणि कुणी केलंच तर मग त्याच्या असण्याला काही कारण उरत नाही. आता तो व्हिलन झाला! त्याचं दुःख बघून वाईट वाटेल आणि तरीही त्याला थांबवावंच लागेल. शिवाय प्लेअरना चार वेगवेगळ्या वाटा आपोआप मिळाल्या, रोजनिशी देऊन सौदा करा, विधी शोधून राखण स्वतःकडे घ्या, शिष्येचं नाव त्याच्यासमोर काढून त्याला हलवा, नाहीतर पोपट शोधून मान मुरगळा. पण शेवटच्या वाटेला आता वजन आलंय, कारण फिलॅक्टरी न सापडता नुसतं त्याला मारलं तर १ ते १० दिवस शिळेपाशी कुणीच नाही. सरासरी साडेपाच दिवस. तेवढ्यात काय होईल ते घड्याळात (संकट किती जवळ आलं ते दाखवणाऱ्या वर्तुळात) लिहायचं, ते पुढे बघते.

११ जून

सेशन झिरोची (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीची) यादी परत काढून वाचली. आमच्या टेबलवर लहान मुलांना इजा झालेली दाखवायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. हेतू बदलताना ही यादी हाताशी हवीच, कारण अमावस्येचे हप्ते कोण होते हे आता उघडं होणार. कृतांत फक्त मोठी माणसं घेतो, आणि ज्यांची नावं पार्टीला कळणार त्या सगळ्यांची वयं लिहून ठेवली. शिष्याही चाळिशीची.

१५ जून

सरनौबत रायबाण. वहीत 'युद्धाची चटक लागलेला क्रूर सेनापती'. याच्यासाठी थोडा इतिहास चाळला, कारण सैन्य का थांबत नाही हे कल्पनेतून काढण्यापेक्षा खरं काय घडलंय ते बघणं जास्त उपयोगी. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलं, आणि त्यामागचं मोठं कारण म्हणजे सैनिकांचा पगार थकलेला होता. सेनापती बूरबाँचा ड्यूक हल्ल्यातच मारला गेला आणि मग त्या फौजेला आवरणारं कुणी उरलंच नाही. १५७६ मध्ये अँटवर्पला तेच, स्पेनच्या तिजोरीने आदल्या वर्षी हात वर केलेले, पगार नाही, सैनिकांनी बंड करून शहर धुवून काढलं. दोन्हीकडे लूट ही कुणा एकाच्या क्रूरपणातून आलेली नाही, थकलेल्या पगारातून आलीय.

मग रायबाणचं कार्ड झपाझप लिहून झालं. त्याने भालाइतांना जमिनी कबूल केल्यात, पगार हंगामभर थकलाय, आणि सुगी संपायच्या आत जमिनी मिळाल्या नाहीत तर त्याचेच नाईक त्याला तंबूत मारतील, हे त्याला पक्कं माहीत आहे. त्याला दरबाराकडून सनद हवीय, सुगीच्या आत. मिळाली तर तो खरंच थांबेल. जाळलेल्या दोन गावांनी सारा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला भरला होता, तिसऱ्याने त्याला धान्य दिलं म्हणून ते वाचलं, ही घटनाही जागेवर बसली. आणि पार्टीने रायबाणला मारलं तर? तर फौज बिनडोक्याची होते आणि घंटापूरच्या वेशीशी येऊन उभी राहते. हे प्लेअरना आधी कळायला हवं, नंतर नाही. म्हणून छावणीत पगाराची वाट बघणारे दोन नाईक ठेवलेत, ते उघडपणे बोलतात, कुणी एक घोट पाजला की सगळं सांगतात.

१६ जून

एक व्हिलन मात्र मुद्दाम सरळ ठेवला, रायबाणचा नायब दुर्मुख. याला लोकांनी आपल्याला घाबरावं एवढंच हवंय, त्यात त्याला आनंद आहे, जाळलेल्या घरांची यादी तो स्वतःच्या हाताने लिहून जवळ बाळगतो. मागे काही दुःख नाही, अडचण नाही. सगळ्यांनाच थकलेला पगार आणि तुटलेलं काळीज दिलं की टेबलवर तलवार उपसायला कुणी राहत नाही, आणि फँटसी खेळायला बसलेल्या माणसांना कधीतरी मन लावून लढायचं असतं, ते त्यांना मिळालंच पाहिजे. कार्ड तरीही तेच: कोणाकडून? रायबाणकडून फौजेचा ताबा. कधीपर्यंत? पहिली संधी मिळताच.

१९ जून

गॉब्लिन. इथे मला अख्खी जमात व्हिलन असण्याचाच प्रश्न सोडवायचा होता. हा विचार आता सगळीकडेच चालू आहे, जून २०२० मध्ये या खेळाची प्रकाशक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टनेही जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राऊ (खेळातल्या आजवर दुष्ट मानलेल्या जमाती) हे बाकी लोकांइतकेच गुंतागुंतीचे, वेगवेगळ्या स्वभावाचे दाखवायचे. मला ते पटतं, पण फक्त 'सगळे चांगले' असा शिक्का उलटा मारून काही होत नाही. हुडकच्या टोळीने गाडीवान मारलाय, तो मेलेलाच राहणार, त्याची बायको घंटापुरात आहे आणि पार्टी तिला ओळखते.

त्यांनी दोर आणि लाकडंच का नेली? कारण त्यांच्या गुहा शिळेच्या अगदी वर आहेत, तडे वाढल्यापासून छतं खचतायत, आणि चालता न येणारी म्हातारी माणसं अजून आत अडकलीत. ते गुहांना टेकू देतायत. हुडकला तांड्यांकडून दोर, वासे हवेत, रोज, लगेच. मिळाले तर लूट त्याच दिवशी बंद. आणि घंटा वाजली की गुहा हादरते हे शिळेपासून सगळ्यात जवळ राहणाऱ्या त्यांनाच अनुभवाने माहीत आहे, म्हणजे कृतांतचं म्हणणं तपासून बघायचा एकमेव साक्षीदार गॉब्लिन. लुटारूच साक्षीदार झाले, आता पार्टीला त्यांच्याशी बोलावं लागेल आणि गाडीवानाच्या बायकोला तोंडही द्यावं लागेल.

यांच्यासाठी जुन्या नियमांतल्या दोन गोष्टी परत आणतेय. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये समोर आलेला प्राणी कसा वागेल हे दोन सहा बाजूंच्या फाशांवर, म्हणजे २डी६ वर ठरायचं, अगदी कमी पडलं की लगेच हल्ला आणि अगदी जास्त पडलं की मैत्री. आणि मोराल, म्हणजे टोळीचा एक आकडा, २डी६ त्याच्या वर पडला की ते पळतात किंवा शरण येतात. हुडकच्या टोळीला ७ दिलाय. ८ किंवा जास्त पडायची शक्यता ३६ पैकी १५, जवळपास ४२ टक्के, म्हणजे पहिला साथीदार पडला की जवळजवळ निम्म्या वेळा ते माघार घेणार. ज्याची घरी म्हातारी माणसं वाट बघतायत तो दोरासाठी मरेपर्यंत लढत नाही. उलट दुर्मुखच्या खास लोकांना १०, तिथे मोडायची शक्यता ३६ पैकी ३. हेतू डाइसमध्ये असा उतरला की प्लेअरना भाषण न देता कळतो, कोण पळालं आणि कोण उभं राहिलं यावरून.

२२ जून

घड्याळं काढली. ही पद्धत ब्लेड्स इन द डार्क (२०१७) या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळामुळे बऱ्याच टेबलांवर पोचली, वर्तुळ काढायचं, ४, ६ किंवा ८ भाग करायचे, काही घडलं की एक भाग भरायचा. शिळेचं घड्याळ ८ भागांचं, रायबाणच्या फौजेचं ६, गुहेचं ४. माझी एकच अट, भरलेला प्रत्येक भाग टेबलवर दिसला किंवा ऐकू आला पाहिजे. शिळेच्या दुसऱ्या भागाला विहिरींचं पाणी कोमट होतं, चौथ्याला मठाच्या पायऱ्यांना भेग, सहाव्याला शहरातली कुत्री एका रात्रीत गाव सोडतात. गुपचूप भरणारं घड्याळ म्हणजे फक्त माझ्या वहीची करमणूक. कृतांत मेला तर तो परत येईपर्यंत दर दोन दिवसांना एक भाग.

आणि धागे. एखादी गोष्ट प्लेअरना कळायलाच हवी असेल तर ती किमान तीन वेगळ्या ठिकाणी ठेवायची, कारण एक त्यांना दिसत नाही आणि एकाचा ते भलताच अर्थ लावतात. 'घंटांमुळे तडे' हे लोहाक्षला अर्धवट माहीत, गॉब्लिनना अनुभवाने माहीत, रोजनिशीत आकड्यांत लिहिलेलं. कुणाहीकडे पूर्ण चित्र नाही. हाताखालच्या लोकांना मालकाचा अख्खा बेत माहीत असणं मला कधीच पटत नाही, कारकुनाला तेवढंच ठाऊक असतं जेवढं त्याच्या टेबलावरून गेलं.

२६ जून

लोहाक्षचं कार्ड. स्पीक विथ डेडच्या मर्यादा परत वाचल्या: पाच प्रश्न, प्रेताला जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच माहीत, उत्तरं तुटक, आणि विचारणारा शत्रू असेल तर खरं बोलायचं बंधन नाही. त्याच प्रेताला परत दहा दिवस विचारता येत नाही. म्हणजे मेलेल्यालाही हेतू लागतो! तो खोटं बोलेल का हे त्याला अजून काय हवंय यावर ठरणार. लोहाक्षला कृतांतकडून एकच गोष्ट हवी होती, पुढच्या अमावस्येला आपलं नाव निघू नये. आता तो मेला, ती भीती संपली, मालकाला झाकायचं त्याला काहीच कारण नाही. म्हणून खरं बोलेल, पण पार्टीने त्याला मारलंय तर गोडीने नाही.

२८ जून, सेशन संपल्यावर

सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

लोहाक्षच्या प्रेताला विचारायचे प्रश्न ठरवायलाच प्लेअरनी बराच वेळ घेतला, कागदावर लिहून खोडत होते, बार्ड (पार्टीतला गवई) आणि रेंजर (रानातला शिकारी) यांचं तर चांगलंच वाजलं. पहिला सरळ होता, लोलक कुठेत. "जुन्या हौदात. गाळाखाली." दुसरा विझर्डने विचारला, कृतांतला मेलेले कशाला उठवायचेत. "उठवायचे नाहीत." मी एवढंच बोलले आणि थांबले. चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि उरलेले तिन्ही ठरवलेले प्रश्न त्यांनी तिथेच खोडले. नवीन तिसरा: मग घंटा का बंद करतो? "दगडाला कान लावून बसतो. घंटा वाजली की ओरडतो." चौथा रेंजरचा, त्याचा जीव कशात आहे. "मला कळलं असतं तर मी तुमच्याआधी फोडला असता."

पाचवा क्लेरिकने विचारला आणि तो कुणालाच अपेक्षित नव्हता. तू त्याच्याकडे का राबलास? कार्डावर उत्तर होतं म्हणून क्षणभरही थांबावं लागलं नाही. "एका अमावस्येला माझा भाऊ गेला. पुढची माझी होती. मी म्हटलं, दुसरं माणूस आणून देतो."

यावर जी चर्चा पेटली ती सेशनच्या शेवटपर्यंत चालली. रेंजरचं म्हणणं, कारण काहीही असो, लोकं खातोय, मारायचा. विझर्डला लिचचं परत येणं माहीत आहे, तिने विचारलं की तो दगडापाशी नसेल तेव्हा तिथे कोण असेल, आणि हा प्रश्न मी पेरलेला नव्हता, तिने स्वतः जोडला. बार्डला आठवलं की गॉब्लिन दोरच चोरत होते आणि त्यांचा डोंगर तर हौदाच्या मागेच आहे. डाइस फारसे पडलेच नाहीत, एकच लढाई झाली, हौदापाशी दुर्मुखच्या माणसांशी, ते शेवटपर्यंत हटले नाहीत आणि पार्टीने त्यांना अगदी जीव ओतून हाणलं. ती लढाई तिथे ठेवली हे बरंच झालं, इतक्या बोलण्यानंतर सगळ्यांना ती हवी होती.

लोलक सापडले आणि ते घंटांना परत लावायचे की नाही यावर मतं दोन-दोन पडलीत. शेवटी क्लेरिक म्हणाली की आधी महंतांना विचारू.

२ जुलै

पुढचं सेशन मठात, आणि महंतांचं कार्ड अजून कोरंच होतं, कारण ते व्हिलन म्हणून कधी लिहिलेच नव्हते. क्लेरिकचे गुरू, पहिल्या पर्वात तिला दोनदा आसरा दिलाय, ते पक्कं. पण रोजनिशी इतकी वर्षं त्यांच्या कपाटात आहे, मग त्यांनी ती वाचली असणारच. वाचली आणि गप्प राहिले, कारण घंटा थांबल्या की मेलेले उठतात हे त्यांनी तरुणपणी स्वतः पाहिलंय, आणि खालच्या दगडाचं संकट आपल्या हयातीत येणार नाही असा त्यांचा हिशेब होता.

कार्ड असं झालं. महंतांना क्लेरिककडून लोलक हवेत, आज संध्याकाळच्या घंटेआधी. मिळाले तर ते रोजनिशी तिला वाचायला देतील, पण शेवटची अकरा पानं काढून, कारण शिष्येचा विधी त्या पानांत आहे आणि त्यासाठी राखणीला बसणारा पहिला माणूस मठाचाच लागतो. नाही मिळाले तर ते रात्री रायबाणकडे निरोप धाडतील, तीन लोलक आणून द्या, बदल्यात घंटापूरचा दरवाजा उघडू. फाडलेल्या पानांची शिवण ताजी आहे, इन्व्हेस्टिगेशन १३ (तपासाच्या रोलला किमान १३ लागतील), आणि क्लेरिकने स्वतः पुस्तक हातात घेतलं तर रोलची गरज नाही, तिला लगेच दिसतं. पानं महंतांच्या बैठकीखाली. निरोप्याचं नाव आणि वाट उद्या लिहीन, शिळेचं घड्याळ ८ पैकी ३ वर आहे.